प्स्कोव्हचा किल्ला, तिथला गोमुखी दरवाजा आणि पांढरी चर्चं

दुर्गवेडी

मंडळी, हा धागा सहा वर्षं रखडला. 2019 च्या सप्टेंबरात मी आणि नवरा रशियाला गेलो होतो. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग झाल्यावर माझ्या हट्टापायी तीन दिवस प्स्कोव्हला राहिलो. 2025 च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्या रात्री मी जुनी वही शोधून काढली. कारण प्स्कोव्हची चर्चंही त्याच यादीत आहेत. ती आम्ही पोचायच्या दोनच महिने आधी, 2019 च्या जुलैत आली.

गाव पीटर्सबर्गच्या नैर्ऋत्येला, रेल्वेने साधारण चार तासांवर. एस्टोनियाची हद्द इथून जवळ. वेलिकाया ही मोठी नदी आणि प्स्कोवा ही धाकटी. दोघींच्या संगमावर चुनखडीचा चिंचोळा कडा आहे आणि त्यावर क्रोम, म्हणजे तिथला बालेकिल्ला. क्रोमला लागून दोव्हमोंतचं नगर, मग मधलं शहर, मग बाहेरचं शहर, अशी एकात एक तटबंदी. सगळी मिळून सुमारे 9 किलोमीटर भरते. दोव्हमोंत हा मूळचा लिथुआनियन सरदार. तिकडून परागंदा होऊन आला, बाप्तिस्मा घेतला आणि 1266 साली प्स्कोव्हकरांनी त्याला आपला राजा निवडलं. 1299 पर्यंत, मरेपर्यंत तो या गावासाठी लढला. त्याची म्हणून सांगतात ती तलवार तिथल्या संग्रहालयात आहे.

आता मुख्य गोष्ट. दोव्हमोंतच्या नगरातून क्रोमकडे जाताना दोन उंच भिंतींमधून एक बोळ जातो. बाहेरचा दरवाजा एकीकडे, आतला दुसरीकडे. बाहेरचा फोडून शत्रू आत आला तरी पुढे नुसती भिंत, डोक्यावर फांजीवरचे लोक आणि मागून त्याच्याच माणसांचा रेटा. याला ते ‘झाखाब’ म्हणतात. मी तिथे उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, अरे, हा तर गोमुखी दरवाजा! रायगडाच्या महादरवाजासमोर येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तसंच इथे. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या गवंड्यांना एकाच अडचणीवर एकच उत्तर सुचलं होतं. मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होते.

भिंतीचा दगड आपल्या काळ्या कातळासारखा नाही. पातळ पातळ चुनखडीच्या लाद्या, भाकऱ्यांची चवड रचावी तशा, मध्ये चुना. नख लावलं तर पापुद्रा निघेल असं वाटतं. हा दगड पावसापाण्यात टिकत नाही, म्हणून चर्चच्या भिंतींना वरून चुन्याचा पातळ हात फिरवलेला असतो. त्या कुठेच सरळ नाहीत. फुगीर, हाताने लिंपलेल्या. कोकणातल्या शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर ऊन तिरकं पडलं की हातांचे वळसे दिसतात ना, अगदी तसं.

फोटो चढवता येत नाहीयेत. प्रश्न विचारा, आठवेल तेवढं सांगते.

सह्यकडा

ताई, उत्तम धागा! झाखाब हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. आपल्याकडे दोन दरवाजांमधल्या अशा कोंडलेल्या जागेला रणमंडळ म्हणतात, देवगिरीला बघितलं असेल. एक शंका. बालेकिल्ला म्हटल्यावर राजवाडा, सदर, बाजारपेठ आलीच. क्रोममध्ये काय काय शिल्लक आहे?

दुर्गवेडी

सह्यकडा, हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याच्या उत्तरासाठीच मला हा किल्ला जास्त आवडला. क्रोममध्ये राजवाडा नव्हताच. तिथे वस्तीच नव्हती. होतं ते मधोमध त्रिमूर्ती चर्च (ट्रिनिटीला माझा शब्द) आणि तटाला लागून धान्याच्या कोठ्या. गावकरी आपलं धान्य-सामान त्या कोठ्यांमध्ये ठेवत. वेढा पडला की तेच अन्न. पन्हाळ्याचा अंबरखाना आठवा, फक्त इथे ते धान्य सरकारी नव्हतं, घराघराचं होतं. प्स्कोव्हच्या जुन्या कायद्यात क्रोममध्ये चोरी करणाऱ्याला थेट देहदंड सांगितलाय. साध्या चोराला पहिल्या-दुसऱ्या गुन्ह्याला जिवानिशी सोडत, इथे ती सवलत नव्हती.

आणि चर्च म्हणजे नुसतं देवघर नव्हतं. गावाचे करार, दस्तऐवज त्रिमूर्ती चर्चमधल्या पेटीत ठेवत, आणि त्यावर गावाची मोहर. चर्चसमोरच्या अंगणात ‘वेचे’ भरे, म्हणजे गावसभा. घंटा वाजली की लोक जमत. राजा गावाने बोलवायचा आणि पटलं नाही तर वाटेला लावायचा, अशी पद्धत. 1510 साली मॉस्कोच्या तिसऱ्या वासिलीने हे मोडलं. वेचेची घंटा उतरवून नेली आणि 300 कुटुंबांना गाव सोडायला लावलं. मी त्या अंगणात गेले तेव्हा कबुतरं आणि एक आजी सोडली तर कोणी नव्हतं. घंटा उतरवताना लोक रडले असं इतिवृत्तात आहे, आणि त्या मोकळ्या जागेत ते खरं वाटतं.

तट कुणासाठी बांधला हे कळलं की तट वेगळा दिसतो. इथे तो देव, धान्य आणि कागद यांच्याभोवती बांधलाय.

ओवी_नाशिक

वाचताना अंगावर काटा आला. चर्चमध्ये आपल्यासारख्यांना जाऊ देतात का? पोशाखाचं काही बंधन? आत काय बघायचं तेही सांगा, मला चित्रांमध्ये जास्त रस आहे.

दुर्गवेडी

जाऊ देतात ओवी, कोणी काही विचारत नाही. बायकांनी डोक्यावरून ओढणी किंवा रुमाल घ्यायचा, पुरुषांनी टोपी काढायची, गुडघे झाकलेले हवेत. मी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी डोक्यावर घेतली, झालं. दाराशी बसलेल्या बाईंनी माझ्या ओढणीचं सूत दोन बोटांत धरून पाहिलं आणि मान डोलावली. प्रार्थना चालू असताना फोटो काढायचे नाहीत. बसायला बाकं नसतात, सगळे उभे. अडीच तासांच्या प्रार्थनेला ऐंशीच्या आज्याही उभ्या असतात.

आत्ताचं त्रिमूर्ती चर्च त्या जागेवरचं चौथं. पहिलं लाकडी, तेही कीव्हच्या राणी ओल्गाने बांधवलं असं परंपरा सांगते. आत्ताचं 1699 साली पुरं झालं. सत्तरेक मीटर उंच आहे आणि गावाबाहेरूनच मधला सोनेरी घुमट दिसायला लागतो. छत असलेल्या लांब जिन्याने वर चढायचं, मग एकदम काळोख, आणि डोळे सरावले की समोर सात थरांची चित्रांची भिंत. गाभारा आणि सभामंडप यांच्यामध्ये ती उभी असते, आयकॉनोस्टॅसिस म्हणतात. मेणाचा वास, बारीक पिवळ्या मेणबत्त्या, आणि वाद्याशिवाय नुसत्या गळ्यांतून येणारं गाणं. मला देवळात काकड आरतीला पहाटे बसल्यासारखं वाटलं.

त्याच चर्चमध्ये निकोला सालोसचं दफन आहे. हा तिथला अवलिया, अंगावर धड कपडे नाहीत, गाव त्याला मानायचं. 1570 च्या फेब्रुवारीत रशियाचा झार इव्हान द टेरिबल नोव्हगोरोद शहरात कत्तल करून थेट प्स्कोव्हवर आला. उपासाचे दिवस. परंपरा अशी सांगते की निकोलाने झारपुढे कच्च्या मांसाचा तुकडा धरला. झार म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, उपासात मांस खात नाही. निकोला म्हणाला, माणसाचं मांस खातोस, रक्त पितोस, ते चालतं? नोव्हगोरोदसारखी कत्तल प्स्कोव्हमध्ये झाली नाही एवढं खरं. लोक अजून त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात.

चित्रांसाठी मात्र नदीपलीकडे मिरोझ मठात जा. बाराव्या शतकातली भित्तिचित्रं, भिंतभर, छतभर. चित्रकार बायझंटाइन परंपरेतले. निळा रंग अजून डोळ्यांत आहे. पण एक ध्यानात ठेवा: हवेत दमटपणा असला, पाऊस असला की चित्रांच्या काळजीपोटी ते चर्च उघडत नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी भिजत गेलो आणि दार बंद. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पुन्हा गेलो.

पांथस्थ

माझा भाचा स्मोलेन्स्कला डॉक्टरकी शिकतोय, आपली बरीच मुलं आहेत तिथे. मागच्या वर्षी त्याला भेटायला गेलो होतो, म्हणून थोडी भर घालतो. स्मोलेन्स्कचा तट अगदी दुसऱ्या जातीचा. तो 1595 ते 1602 मध्ये सात वर्षांत बांधला, फ्योदोर कोन या गवंड्यांच्या मुख्याने. साडेसहा किलोमीटर, 38 बुरूज, आणि वरचं बांधकाम लाल विटांचं. आज निम्म्याहून कमी उरलाय, आणि उरलेला गावभर विखुरलेला. भाच्याच्या वसतिगृहाकडे जाताना अचानक रस्त्यात बुरूज येतो.

1609 पासून वीस महिने पोलिश सैन्याने वेढा घातला होता. 1611 साली तट फुटला तेव्हा उरलेले लोक टेकडीवरच्या चर्चमध्ये कोंडले गेले आणि खालच्या दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागून सगळंच उडालं. त्यांनी स्वतःच आग लावली असं तिथे सांगतात. आत्ताचं हिरवट रंगाचं मोठं चर्च त्याच टेकडीवर नंतर बांधलेलं. पुढे 1812 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने माघारी जाताना बुरुजांना सुरुंग लावले. मी त्या टेकडीवर गेलो तेव्हा लग्नाचं वऱ्हाड फोटो काढत होतं. भाच्याने ही गोष्ट तेव्हाच सांगितली आणि मला तिथून हलवेना.

जाणाऱ्यांसाठी: भारतीयांना 2023 च्या ऑगस्टपासून ई-व्हिसा मिळतो. आपली व्हिसा, मास्टरकार्ड कार्डं तिथे चालत नाहीत, 2022 पासून बंद आहेत. रोख डॉलर किंवा युरो न्या आणि बँकेतच बदला.

सह्यकडा

पांथस्थ, वाचून सुन्न झालो. ताई, प्स्कोव्हला असा वेढा पडला होता का?

दुर्गवेडी

पडला होता, आणि प्स्कोव्ह पडलं नाही. 1581 च्या ऑगस्टअखेरीस पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी मोठं सैन्य घेऊन आला. त्याच्या सचिवाने रोजनिशीत या गावाची तुलना पॅरिसशी केलीय, इतकं ते तेव्हा मोठं दिसत होतं. 8 सप्टेंबरला दक्षिणेच्या कोपऱ्यात तोफांनी खिंडार पाडलं आणि दोन बुरूज घेतले, पोक्रोव्हस्काया आणि स्विनुस्काया. प्स्कोव्हकरांनी खिंडाराच्या मागे आधीच खंदक खणून लाकडी तट उभारायला घेतला होता. स्विनुस्काया बुरूज त्यांनी शत्रूसकट उडवला. त्या काळच्या वृत्तांतात आहे की बायका दगड, दोर, पाणी घेऊन धावल्या आणि लढल्या. किल्लेदार इव्हान शुइस्की. जानेवारी 1582 मध्ये तह झाला आणि वेढा उठला.

त्या कोपऱ्यात आज एक जोडचर्च आहे. दोन छोटी चर्चं खांद्याला खांदा लावून, मध्ये घंटांची भिंत. त्याचं नावच ‘खिंडारावरचं’! कंबरेएवढ्या गवतातून गेलो. बाजूला पोक्रोव्हस्काया बुरूज, एवढा रुंद की त्याला फेरी मारताना दम लागतो. गर्दी क्रोममध्ये असते, इथे कोणी येत नाही. तुम्ही जरूर जा.

इतिहासाचा_विद्यार्थी

दुसऱ्या निकोलस झारने सिंहासन सोडलं ते प्स्कोव्हच्या स्टेशनवर, आगगाडीच्या डब्यात. जुन्या कालगणनेने 2 मार्च 1917. ज्या गावाची सभा मॉस्कोने मोडली त्याच गावात झारशाही संपली.

चुनाविटा

मी वास्तुसंवर्धनात काम करते, त्यामुळे एक मुद्दा मांडते. बुरुजांवर ती लाकडी टोकदार छपरं दिसतात ती नवी आहेत. 2010 च्या एप्रिलमध्ये क्रोमच्या दोन बुरुजांची छपरं आगीत जळाली आणि पुन्हा उभारली, पण जळलेलीही मूळची नव्हतीच, गेल्या शतकातली होती. पर्यटकाला हे कळायला हवं. आपल्याकडेही आता बारा किल्ल्यांच्या निमित्ताने पैसा येईल आणि बुरूज ‘नवे करून’ देण्याची घाई होईल, त्याची मला मनापासून भीती वाटते. सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरलेली तटबंदी मी पाहिलीय. पहिल्या दोन पावसाळ्यांत ओल आतच कोंडते आणि दगड फुगून सुटतो. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही.

सह्यकडा

चुनाविटा, छपराबाबत असहमत. छप्पर नसेल तर पाणी थेट भिंतीच्या गाभ्यात जातं, आणि ताई सांगतात तसा पापुद्र्याचा दगड असेल तर बुरूज शंभर वर्षंही राहणार नाही. छप्पर हे संरक्षणच आहे. आपल्याकडचे पडके वाडे छप्पर गेल्यावर किती लवकर गेले ते आपण बघतोच.

चुनाविटा

छप्पर हवंच, मान्य. माझं म्हणणं एवढंच की ते नवं आहे हे तिथे लिहा.

दुर्गवेडी

तुम्हा दोघांनाही पटेल अशी जागा तिथेच आहे. दोव्हमोंतच्या नगरात एके काळी डझनाहून जास्त चर्चं होती, अक्षरशः भिंतीला भिंत. 1701 नंतर, स्वीडनशी युद्ध चालू असताना, पीटर द ग्रेटने इथे तोफांसाठी मातीचे मोर्चे घातले आणि त्यात ही चर्चं गेली. विसाव्या शतकात उत्खनन झालं. सापडलेली चित्रं काढून नेऊन जपली आणि पाये तसेच उघडे ठेवले. कुठेही भिंत चढवलेली नाही. गुडघ्याएवढ्या दगडी रेषा, अर्धगोल गाभारे, मध्ये गवत. संध्याकाळी सावल्या लांब झाल्या की प्रत्येक चर्चचा नकाशा जमिनीवर दिसतो. नवऱ्याने पावलांनी एक गाभारा मोजला, सहा पावलं भरला.

आणखी एक राहिलं. संत वासिलीचं टेकडीवरचं चर्च, 1413 सालचं. अशा चर्चांच्या कमानींमध्ये मातीची मडकी बसवलेली असतात, तोंड आतल्या बाजूला, आवाज घुमावा म्हणून. वर बघितलं की भिंतीत गोल काळी भोकं दिसतात. मी आधी पक्ष्यांची घरटी समजले. घुमटाखालच्या पट्टीवर विटा-दगडांच्या तिरक्या नक्षीची ओळ असते, एवढाच दागिना. बाकी पांढरं अंग.

सुमन_मालवण

सगळं वाचलं, आता खाण्याचंही सांगा. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

दुर्गवेडी

सुमनताई, तुम्हाला आवडेल असं सांगते. शेजारच्या सरोवरात बोटभर लांबीचा मासा मिळतो, स्न्येतोक. मीठ लावून भट्टीत वाळवतात आणि बाजारात कागदाच्या पुड्यांतून विकतात. पुडा उघडला आणि वास आला तो थेट आपल्या सुकटीचा! कोबीच्या सारात टाकतात. बाजारातल्या बाईंना मी खुणेने सांगितलं की आमच्याकडेही असंच वाळवतात, तर तिने मूठभर जास्त घातले. शाकाहारींना कोबीची किंवा बटाट्याची पिरोझकी, ग्रेच्का म्हणजे कुट्टू, दही-साय आणि काळा पाव. पोट भरतं.

ओवी_नाशिक

जूनमध्ये जायचं जवळजवळ ठरलंय, आई पण येणार. तिला गुडघ्याचा त्रास आहे. तीन दिवस कसे वाटून घेऊ?

दुर्गवेडी

वा! ऐकून फार बरं वाटलं. त्रिमूर्ती चर्चचा जिना उंच आहे, आईंना सावकाश चढवा. वर गेल्यावर भिंतीकडेला एखादं बाकडं असतं, वयस्कर माणसांना तिथे बसू देतात.

क्रोमला एक सकाळ आणि एक संध्याकाळ द्या, दोन वेगळ्या दिवशी. टोकाच्या कुतेक्रोमा बुरुजापाशी दोन्ही नद्या मिळताना दिसतात. एक पूर्ण दिवस इझबोर्स्कला, बसने 30 किलोमीटर. तिथला दगडी कोट 1330 चा. झाखाब तिथे जास्त स्वच्छ कळतो, कारण आजूबाजूला शहर नाही. शत्रू चाल करून येई त्या बाजूच्या तटात दगडांचे मोठे क्रूस बसवलेत. आत संत निकोलसचं छोटं चर्च आहे. एवढा भक्कम कोट 1569 साली कसा गेला माहितीय? लिथुआनियाच्या बाजूची माणसं झारच्या खास शिपायांचा वेश करून आली आणि पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला. खाली उतरलात की कड्यातून झरे फुटतात, बारा धारा, आणि पुढे तळ्यावर हंस. आईंना तिथे काठावर बसवा, खूप आवडेल.

तिथून 20 किलोमीटरवर पेचोरीचा मठ, डोंगरात कोरलेलं चर्च आणि भोवती तट. आपल्याला लेण्यांची सवय असल्यामुळे आत शिरताच ओळखीचं वाटतं. पण तो भाग अगदी हद्दीला लागून आहे, परदेशी माणसांसाठीचे त्या वेळचे नियम बघूनच जा.

मिरोझ मठासाठी दिवस ठरवू नका. रोज सकाळी खिडकी उघडून आभाळ बघा. ज्या दिवशी कोरडं ऊन असेल त्या दिवशी बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी पूल ओलांडा.

ओवी_नाशिक

लिहून घेतलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, मडकी बसवलेलं चर्च कुठल्या दिवशी?

दुर्गवेडी

पहिल्याच दिवशी, ओवी. स्टेशनवरून गावात येताना वाटेतच टेकडी आहे. दार उघडं असलं तर आत जाऊन आईंना एखादा अभंग हळू आवाजात म्हणायला सांगा. कसा ऐकू आला ते मला इथे येऊन नक्की सांगा.